समुद्र नसलेल्या मुलखातले जहाज

आपल्या मराठवाड्याला समुद्र नाही. तरीही अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात सुमारे १५०० वर्षांपूर्वीचे जहाज रंगवलेले आहे. तीन डोलकाठ्या, नाळेवर डोळा आणि मागच्या बाजूला ओळीने मांडलेले रांजण. चित्रकाराची प्रेरणा म्हणजे पूर्णाची कथा. सोपाऱ्याचा हा व्यापारी पुढे भिक्षू झाला आणि चंदन आणणारे भावाचे जहाज त्याने वादळातून वाचवले.

समुद्राच्या अशा गोष्टी येण्याची वाट जुनीच होती. पैठण-तेरचा माल गाड्यांनी भडोच बंदराला जाई, असे पहिल्या शतकातला ग्रीक ग्रंथ ‘पेरिप्लस’ सांगतो. पैठण आणि तेर यांच्यामध्येच आपला बीडचा मुलूख आहे.

मित्रांनो, अजिंठ्याला गेलात तर ते रांजण जरूर पाहा. दुष्काळ सोसलेल्या आपल्याला ते ओळखीचे वाटतील.