परिपक्व वाइन : आस्वाद आणि कसोटी

वाइन जितकी जुनी तितकी उत्तम, हा समज आपल्याकडे सर्वत्र रूढ आहे. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. जगात तयार होणाऱ्या वाइनपैकी फार मोठा हिस्सा पहिल्या दोन-चार वर्षांतच संपवण्यासाठी बनवलेला असतो. त्यानंतर तिच्यातील फळांचा ताजेपणा ओसरतो आणि बदल्यात काहीच मिळत नाही. वर्षानुवर्षे बाटलीत मुरून अधिक गुणवान होणारी वाइन हा अपवाद होय. अशा वाइनच्या आयुष्याला चढण, माथा आणि उतार असे तीन टप्पे असतात. ती माथ्यावर केव्हा पोहोचली हे ओळखणे, ही आस्वादकाची खरी परीक्षा. ही परीक्षा किती अवघड असते, हे १९७६ साली पॅरिसमध्ये उद्भवलेल्या आणि पुढे तीस वर्षे रेंगाळलेल्या एका वादाने दाखवून दिले.

बाटलीत काय घडते?

लाल वाइन द्राक्षांच्या साली व बियांसह आंबवली जाते. सालींतून रंग उतरतो, तर साली आणि बियांतून टॅनिन हा तुरट घटक येतो. कोवळ्या वाइनमधील टॅनिन तोंडाला कोरड आणते. कडक कोरा चहा प्यायल्यावर जीभ आवळल्यासारखी होते, तसाच हा अनुभव असतो. बाटलीत टॅनिन व रंगद्रव्यांचे रेणू सावकाश एकमेकांशी जोडले जाऊन मोठे होतात आणि त्यांतील काही गाळाच्या रूपाने तळाशी बसतात. त्यामुळे तुरटपणा मवाळ होतो आणि जांभळट लाल रंग हळूहळू विटकरी छटेकडे झुकतो. गंधही पालटतो. ताज्या फळांचा वास मागे पडून चामडे, तंबाखू, सुकी पाने, अळंबी, ओली माती यांची आठवण करून देणारे गंध पुढे येतात. आम्लता मात्र फारशी घटत नाही. उतारवयात वाइनचा तोल तीच सांभाळते.

पांढऱ्या वाइनमध्ये टॅनिन अत्यल्प असते. म्हणून तिचे दीर्घायुष्य प्रामुख्याने आम्लतेवर आणि काही प्रकारांत साखरेवर अवलंबून असते. जर्मनीतील उत्तम रीसलिंग किंवा बोर्दो प्रांतातील गोड सोतेर्न यांनी अनेक दशके टिकावे, याचे कारण हेच. लाल वाइनचा रंग काळानुसार फिका होत जातो, तर पांढरीचा गडद होत सोनेरी आणि अखेरीस तपकिरी होतो.

पॅरिसची चाचणी

स्टीव्हन स्परियर या पॅरिसमधील इंग्रज वाइन-विक्रेत्याने २४ मे १९७६ रोजी एक चाचणी भरवली. फ्रान्स आणि कॅलिफोर्नियातील वाइन, बाटल्यांची नावे झाकून, नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे ठेवण्यात आल्या. लाल वाइनमध्ये पहिला क्रमांक मिळाला तो कॅलिफोर्नियातील स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सच्या १९७३च्या वाइनला. पांढऱ्या वाइनमध्ये शातो माँटेलीनाच्या १९७३च्या शार्दोनेला. बोर्दोच्या मूताँ-रोथशिल्ड, ओ-ब्रियाँ यांसारख्या थोर घराण्यांना हा मोठाच धक्का होता.

त्यावर फ्रेंचांचा आक्षेप असा, की बोर्दोची वाइन सावकाश पिकते. पाच-सहा वर्षांच्या वाइनची तुलना लवकर खुलणाऱ्या कॅलिफोर्नियन वाइनशी करणे अन्यायाचे आहे. काही वर्षे थांबा, म्हणजे खरे काय ते कळेल. हा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. त्याचे उत्तर देणेही केवळ काळाच्याच हाती होते.

दहा वर्षांनी, १९८६ मध्ये त्याच लाल वाइन पुन्हा चाखल्या गेल्या. पांढऱ्या वाइनचा बहर सरला असेल, असे मानून त्या वगळण्यात आल्या. या वेळी कॅलिफोर्नियातील क्लो दु व्हालची १९७२ची वाइन पहिली आली. पुढे २४ मे २००६ रोजी, बरोबर तीस वर्षांनी, लंडन आणि नापा येथे एकाच दिवशी फेरचाचणी झाली. पहिला मान मिळाला तो रिज माँते बेलोच्या १९७१च्या वाइनला. १९७६ मध्ये ती पाचवी होती. पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाला गेले. बोर्दोच्या वाइनमध्ये सर्वांत वर राहिलेली मूताँ-रोथशिल्डची १९७०ची वाइन सहावी आली.

कॅलिफोर्नियाची वाइन टिकत नाही, हा दावा यामुळे निकालात निघाला. पण आस्वादकाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की प्रत्येक चाचणीत विजेती निराळी होती. परीक्षक बदलले हे खरे. पण प्रत्येक वाइनही आपापल्या गतीने चढत वा उतरत होती. शिवाय प्रत्येक बुचातून शिरणारी हवा सारखी नसते. त्यामुळे एकाच वर्षाच्या, एकाच घराण्याच्या दोन बाटल्यादेखील तीस वर्षांनी सारख्या उरत नाहीत.

माथा कसा ओळखावा?

यासाठी जुना आणि खात्रीचा मार्ग म्हणजे एकाच वाइनच्या अनेक बाटल्या घेऊन त्या दोन-तीन वर्षांच्या अंतराने उघडणे. तुरटपणा मवाळ झाला आहे, फळांचा स्वाद अजून शिल्लक आहे, नवे गंध उमलले आहेत आणि घोट गिळल्यावरही चव बराच वेळ रेंगाळते आहे, अशी स्थिती आढळली की माथा आला असे समजावे. फळ हरवून केवळ आंबटपणा उरला असेल, तर उतार लागला आहे.

जुनी बाटली उघडण्यापूर्वी एक-दोन दिवस उभी ठेवावी, म्हणजे गाळ खाली बसतो. नंतर ती न हलवता सावकाश ओतावी. फार जुन्या वाइनचा गंध हवेत लवकर विरतो; म्हणून ती ओतल्यावर ताटकळत ठेवू नये.

साठवणीसाठी सुमारे १२-१३ अंश सेल्सिअसचे स्थिर तापमान आणि अंधार हवा. बूच सुकू नये म्हणून बाटली आडवी ठेवावी. महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात घरातील कपाटात ठेवलेली वाइन मुरत नाही, नासते. नाशिक परिसरातील बहुतेक वाइनही ताज्या असतानाच पिण्यासाठी बनवलेल्या असतात; त्या जपून ठेवण्यात लाभ नाही. टिकाऊ वाइनबाबत शंका असेल, तर बाटली थोडी आधीच उघडणे श्रेयस्कर. कोवळ्या वाइनमध्ये पुढील बहराची चाहूल तरी लागते. बहर ओसरलेल्या वाइनला मात्र कोणताही उपाय माथ्यावर परत नेऊ शकत नाही.