धरणीचा प्रतिध्वनी

आपल्याकडे विहीर खणायची तर आधी पाणाड्याला बोलावतात. बेचक्यासारखी फांदी हातात धरून तो शेतातून फिरतो आणि फांदी झुकेल तिथे कुदळ पडते. अमेरिकेत खनिज तेल शोधणारांची रीत प्रारंभी याहून फारशी निराळी नव्हती. तेल पाझरताना दिसले तर तिथे खणावे, नाहीतर काठीवाल्यावर भरवसा टाकावा! ही आंधळी कोशिंबीर कशी थांबली, त्याची हकीकत ऐकण्याजोगी आहे. मी भाषेचा मास्तर आणि कादंबऱ्या लिहिणारा. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध मॅट्रिकबरोबरच संपला. पण या हकीकतीतील माणसे मला ओढून घेतात.

पहिल्या महायुद्धात शत्रूची दडलेली तोफ तिच्या आवाजावरून हुडकण्याचे प्रयोग चालले होते. जॉन क्लॅरेन्स कार्चर हा तरुण अमेरिकन शास्त्रज्ञ त्या कामावर होता. हीच विद्या जमिनीखालचे खडक हुडकण्यास का वापरू नये, असे त्याने व त्याचे गुरू हेझमन यांनी मनात घेतले. १९२१च्या जूनमध्ये ओक्लाहोमा शहराजवळ त्यांनी पहिली चाचणी केली आणि ऑगस्टमध्ये ते आर्बकलच्या डोंगरांत गेले. तिथे खडकांचे थर उघडे पडलेले असल्याने खाली काय आहे हे आधीच ठाऊक होते. ज्या उदाहरणाचे उत्तर माहीत आहे ते आधी सोडवून रीत पारखावी, हे आम्हां मास्तरांना नवे नाही. रीत खरी ठरली.

ती समजायला सोपी आहे. जमिनीत लहानसा सुरुंग उडवायचा. त्याची कंपने खाली जातात, एका खडकाची हद्द संपून दुसऱ्याची लागते तिथे काही अंशी परततात आणि वर मांडलेली यंत्रे ती टिपतात. खडकातून कंपनाचा वेग सेकंदाला तीन हजार मीटर असेल आणि ते दोन सेकंदांनी परतले, तर जाण्याचा एक सेकंद धरून थर तीन हजार मीटर खोल. अशा शेकडो नोंदी जुळवल्या की थरांचा आकार कागदावर उमटतो. कुठे थर घुमटासारखा उचललेला दिसला की शोधकाचे डोळे चमकतात. कारण तेल पाण्याहून हलके. सच्छिद्र खडकातून ते वर सरकते आणि माथ्यावर घट्ट खडकाचे झाकण असेल तर तिथेच अडकते.

परंतु विद्या सिद्ध झाली म्हणून जग तिच्यासाठी थांबते थोडेच! त्याच सुमारास तेलाचे भाव कोसळले, कंपनी बंद पडली आणि कार्चर नोकरीकडे वळला. १९२५ साली डीगॉलियर या जाणकार भूशास्त्रज्ञाने त्याला हाताशी धरून नवी कंपनी काढली. दशक संपता संपता ओक्लाहोमात प्रतिध्वनीवरून नेमलेल्या जागी तेल लागू लागले.

आपल्या अरबी समुद्रातही असेच घडले. १९६४ ते १९६७ या काळात ‘अकादेमिक आर्खांगेल्स्की’ या जहाजावरून भारतीय व सोव्हिएत शोधकांनी खंबायतच्या आखाताकडील समुद्रतळ तपासला आणि मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर एक विस्तीर्ण उंचवटा त्यांच्या नोंदींत उमटला. चित्र होते, पण भर समुद्रात भोक पाडणारे साधन नव्हते. ‘सागर सम्राट’ हा मंच जपानमध्ये बांधून आला आणि १९७४च्या फेब्रुवारीत तिथल्या चुनखडीत तेल लागले. १९७३च्या अखेरीस जगात तेलाचे भाव भडकले होते. अशा वेळी ते लागणे या देशाला किती मोलाचे होते, हे सांगणे नकोच. १९७६ साली उत्पादनही सुरू झाले.

तथापि एक गोष्ट विसरू नये. प्रतिध्वनी तेलाचे नाव क्वचितच घेतो. तो मुख्यतः भांड्याचा आकार सांगतो. भांडे भरलेले की रिकामे, याचा निवाडा अखेर छिद्रकच करतो, आणि आज संगणकाने पाताळाची त्रिमित चित्रे काढली तरी हा नियम ढळलेला नाही. पाणाड्या खात्रीने बोलतो, शास्त्रज्ञ ‘संभवते’ म्हणतो. आणि त्या ‘संभवते’वर पैसा, वर्षे व माणसांचे कष्ट पणाला लावणारे कुणी निघाले, तेव्हाच धरणीने आपले गुपित उघड केले.