सातशेंची हजेरी

नेवाशाच्या पैस खांबापाशी ज्ञानेश्वरीची गोष्ट शके 1212 वर, म्हणजे 1290 वर येऊन थांबते. मी अडकलो पुढेच: पोथ्यांच्या नकला होत गेल्या, तेव्हा हातातली नक्कल पुरी आहे हे ओळखायचे कसे?

एक रीत ग्रंथसंख्येची. बत्तीस अक्षरांचा एक ‘ग्रंथ’ धरून नकलकार शेवटी आकडा टाकायचा, मजुरीही त्यावरच. पण एक पान दोनदा उतरले आणि तेवढेच दुसरे गळाले, तरी बेरीज तीच. ज्ञानेश्वरीला सुदैवाने दुसरी कसोटी आहे. ओव्या नऊ हजारांच्या आसपास, नकलेगणिक कमीजास्त. पण खाली गीतेचे सातशे श्लोक पक्के. ज्या श्लोकाचा अर्थच आला नाही, तिथे पोथी तुटली.

हाच प्रश्न जीवशास्त्रातही आहे: डीएनएचे वाचलेले तुकडे जोडून जीनोम जुळवणारेही आधी ग्रंथसंख्याच मोजत. तुकडे किती लांब जुळले, त्याचा एन50 नावाचा आकडा मिरवत. मग पुरेपणा तपासणाऱ्या आज्ञावल्या आल्या: 2007 मध्ये सेग्मा आणि 2015 मध्ये जिनिव्हाहून बुस्को. बुस्को हजेरी घेतो: तपासायच्या सजीवाच्या कुळातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक जातींत एकेकटी आढळणारी जनुके (जमिनीवरच्या वनस्पतींच्या एका यादीत 1614) पुरी, दुबार, तुटकी की गैरहजर?

जीवशास्त्रज्ञ म्हणतील, हे आमचे आम्हाला सुचले. असेल. पण नकलांचा वंशवृक्ष स्वीडनमध्ये 1827 सालीच छापला गेला होता. सजीवांचा वंशवृक्ष मांडणारे डार्विनचे पुस्तक 1859 चे. उलट 1998 मध्ये इंग्रज कवी चॉसरच्या हस्तलिखितांवर जीवशास्त्राची वंशवृक्षाची अवजारे चालवली गेली. माझ्या मते ही उसनवारी नव्हे, परतफेड.

बुस्कोने वाईट गुण दिले, की दोष कुणाचा हे पोथीवाल्यासारखेच शोधावे लागते. हजेरीपट भलत्याच कुळाचा निवडला, तर पुष्कळ जनुके गैरहजर दिसणार. आधी तो तपासावा. डीएनएच्या लांब वाचनांत एखादे अक्षर जास्त पडले किंवा गळाले, की पुढची सगळी तीन-तीन अक्षरांची त्रिके सरकतात आणि असलेले जनुकही ओळखू येत नाही. तिथे शुद्धिपाठच हवा, संत एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीचा केला तसा. राहुरीच्या भगवा वाणाच्या डाळिंबात दुबार फार निघाले, तर मायबापांच्या दोन प्रती वेगळ्या राहून गेल्याचा संशय घ्यावा. प्रवरानगरच्या उसात मात्र दुबार हा दोष नव्हे. उसात गुणसूत्रांच्या प्रतीच अनेक.

आणि लसूणघासावर चढणारी अमरवेल? 2018 मध्ये तिच्या दोन जातींचे जीनोम आले. हजेरीत ठळक गैरहजेरी, पण जुळणी चांगली! परजीवी झाल्यावर तिने ती जनुके खरोखरच टाकून दिली आहेत. शुद्ध केलेल्या ग्रंथात पदरची ओवी घालू नये, असे नाथांनी बजावले होते. अमरवेलीच्या पोथीतही ती घालता येणार नाही. तिला पाने नाहीतच.