द्रवनत्राचें पात्र आणि वऱ्हाडचा उन्हाळा

अमरावती-अकोल्याकडील पशुवैद्यकीय दवाखान्यांत अरुंद गळ्याचें, पोटांत फुगीर असें एक पात्र दिसतें. त्यांत द्रवनत्र असून त्यांत उत्तम वळूरेड्यांच्या रेतमात्रा बुडविलेल्या असतात. आपल्या पूर्णाथडी म्हशीची पुढील पिढी पुष्कळदां या पात्रांतूनच येते.

याचा इतिहास फार जुना नाहीं. १८८३ सालीं क्राको येथें व्रोब्लेव्स्की व ओल्झेव्स्की यांनीं नत्रवायु द्रवरूप केला. शून्याखालीं १९६ अंशांवर उकळणारा हा द्रव ठेवावा कशांत, हा प्रश्न १८९२ सालीं लंडनांत ड्यूअर यांच्या दुहेरी भिंतीच्या निर्वात पात्रानें सुटला. १९४९ सालीं इंग्लंडांत पोल्ज व त्यांचे सहकारी यांस आढळलें कीं, ग्लिसरीन घातल्यास रेत गोठूनहि जिवंत राहतें. पूर्वीं बर्फांत ठेवलेलें रेत दोनतीन दिवसांत वायां जाई. आतां तें वर्षानुवर्षें टिकूं लागलें. महाराष्ट्रांत उरुळीकांचन येथें मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं काढलेल्या संस्थेनें गोपैदाशीचें मोठें कार्य केलें.

आतां धोक्याकडे वळतों. या पात्राचें बूच मुद्दामच सैल असतें. घट्ट बसविल्यास आंतील वायूच्या दाबानें पात्र फुटेल. म्हणजे वायु सतत खोलींत येणारच. एक लिटर द्रवापासून सुमारें ७०० लिटर वायु होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. शिवाय श्वास कोंडल्याची जाणीव आपणांस होते ती मुख्यतः कर्बवायु सांचल्यामुळें, प्राणवायु कमी झाल्यामुळें नव्हे. म्हणून मनुष्य कांहींहि न कळतां कोसळतो. अमेरिकेंत जॉर्जिया संस्थानांतील गेन्सव्हिल येथें २८ जानेवारी २०२१ रोजीं कोंबड्यांच्या मांसाच्या कारखान्यांत द्रवनत्र सांडून सहा कामगार दगावले. त्यांतील कांहीं तर सोबत्यांच्या मदतीसाठींच आंत गेलेले होते!

आपल्याकडे वैशाखांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि आपण सकाळींच दारें-खिडक्या लावून घेतों. वाडवडिलांची ही रीत माणसांच्या खोलीस योग्य, पण पात्राच्या खोलीस अगदीं घातक. तेथें झळा आल्या तरी चालतील, खिडकी उघडीच पाहिजे. विशेषतः पात्र भरतांना. तीच गोष्ट मोटारीची. कांचा लावलेल्या गाडींत पात्र शेजारीं घेऊन बसूं नये. कोणी आंत पडलेला दिसल्यास धांवत शिरूं नये. प्रथम बाहेरून दारें उघडावीं आणि मदत बोलवावी.

हातमोजे चामड्याचे व सैल असावे, म्हणजे आंत थेंब गेल्यास झटकून काढतां येतात. सुती मोजे द्रव शोषून कातडीस चिकटतात. डोळ्यांवर चष्मा हवा. विजार बुटांत खोंचूं नये. कातडी गोठल्यास चोळूं नये. कोमट पाण्यांत धरावी व डॉक्टरांकडे जावें. पातळी पाहण्यास भरीव पट्टीच बुडवावी आणि तिच्यावर हिंव कोठवर धरलें तें पाहावें. पोकळ नळी घातली तर द्रव तींतून उसळून तोंडावर येतो.