पत्ता आणि माणूस

मुलचेऱ्याच्या शाळेंत मी शिकवीत असतांना टपाल आलें कीं मुलें भोंवतीं जमत आणि पाकिटावरचा शिक्का वाचण्याची त्यांच्यांत चढाओढ लागे. पूर्व बंगालमधून येऊन या तालुक्यांत वसलेल्या कुटुंबांचीं पत्रें दूरदूरच्या गांवांहून येत. पत्र कोठल्या टपालकचेरींतून, कोणत्या दिवशीं निघालें हें शिक्क्यावरून सांगतां येई. तें कोणीं लिहिलें हें मात्र पाकीट उघडल्यावांचून कळत नसे. आजच्या विषयाचें मर्म मला त्या शिक्क्यांत दिसतें.

पत्त्याला आंकड्यांचें रूप देणारी पिनकोडाची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यानें आंखली, व ती १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली. तिच्या सहा आंकड्यांपैकीं पहिला देशाचा विभाग सांगतो व शेवटचे तीन टपालकचेरी दाखवितात. ४४२ हा आरंभ दिसला कीं पत्र वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली या बाजूचें हें जाणावें.

संगणकांच्या टपालालाही असाच पत्ता लागतो. त्यास आयपी पत्ता म्हणतात. त्याचे नियम सप्टेंबर १९८१ मध्यें प्रसिद्ध झाले. त्या पद्धतींत सुमारें ४२९ कोटी पत्ते होऊं शकतात. भारतांत १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें केलें. पुढें उपकरणें इतकीं वाढलीं कीं पत्ते अपुरे पडले, आणि एकच पत्ता अनेक ग्राहकांनीं वांटून वापरण्याची रीत पडली. शिवाय कित्येकांचा पत्ता आज एक, तर उद्यां दुसरा असतो.

मग या पत्त्यावरून काय कळतें? सेवा कोणत्या कंपनीची, हें कळतें. शहराचा अंदाज बांधतां येतो, पण मुलचेऱ्यांतला ग्राहक नागपुरास बसला आहे, असेंही दिसूं शकतें. ग्राहकाचें नांव त्या पत्त्यांत नसतें, तें कंपनीच्या नोंदींत असतें. आणि तेंही अचूक वेळ जुळविल्याशिवाय सांपडत नाहीं.

हा भेद किती महत्त्वाचा, हें २००७ सालीं पुण्याच्या एका प्रकरणांत दिसून आलें. ऑर्कुट या संकेतस्थळावर छत्रपति शिवाजी महाराजांविषयीं अवमानकारक मजकूर प्रसिद्ध झाला. तो जेथून आला तो आयपी पत्ता पोलिसांनीं मिळविला. तो कोणाचा, असें विचारतां दूरसंचार कंपनीनें बंगळूरच्या एका तरुण संगणक-अभियंत्याचें नांव कळविलें. ऑगस्टअखेर त्यास अटक झाली, आणि सुमारें ५० दिवस त्यानें येरवड्याच्या तुरुंगांत काढले. पुढें उघड झालें कीं कंपनीनें दिलेली माहितीच चुकीची होती. त्या मजकुराशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता.

यावरून हा पत्ता निरुपयोगी आहे, असें कोणीं समजूं नये. अनेक गुन्ह्यांचा तपास याच धाग्यानें लागतो. परंतु नोंद तपासून पाहणें, वेळ पडताळणें, त्या घरीं तें यंत्र कोण कोण वापरतें याची चौकशी करणें, हें सारें त्यापुढें करावयाचें असतें. आपल्या घरींही एकाच जोडणीवर मुलें, पाहुणे, शेजारी काम करीत असतील. त्या साऱ्यांचा बाहेरचा पत्ता एकच दिसतो. शिक्का पाहून पत्रलेखकाचें नांव सांगूं पाहणाऱ्या मुलाला मी थांबवीत असें. तीच सावधगिरी आतां मोठ्यांनींही बाळगणें अवश्य आहे.