असगार्ड, ऑलिंपस आणि ‘इथे काहीच नाही’

मार्व्हलचे सिनेमे पाहणाऱ्यांसाठी आधी एक बातमी. असगार्ड खरंच आहे. पत्ता लिहून घ्या: अंटार्क्टिका, व्हिक्टोरिया लँड, साधारण साडेसत्त्याहत्तर अंश दक्षिण. थॉर, ओडिन, लोकी, सगळे तिथे डोंगर होऊन बसलेत. आणि एक दरी ओलांडली की समोर ऑलिंपस. तिथे हर्क्युलिस, जेसन, थिसियस आणि उत्तरेच्या वाऱ्याचा ग्रीक देव बोरियस. मधल्या दरीचं नाव राइट व्हॅली.

आता या दोन पर्वतरांगांचा फोटो शोधून बघा. अंटार्क्टिका म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं, त्यातलं तिथे जवळजवळ काहीच नाही. उघडे तपकिरी कडे, त्यात काळ्या डोलेराइटचे आडवे पट्टे आणि खाली दगडगोटे. बर्फ आहे, पण इकडेतिकडे. एखादी छोटी हिमनदी कड्यावरून खाली लोंबकळताना दिसते आणि दरीच्या तळाशी पोहोचायच्या आधीच संपते. दक्षिण ध्रुवापासून जेमतेम 1400 किलोमीटरवर, ज्या खंडाची जवळजवळ 98 टक्के जमीन बर्फाखाली आहे तिथे, हे डोंगर असे उघडे कसे?

कारणं दोन-तीन आहेत आणि ती एकत्र काम करतात. पश्चिमेला पूर्व अंटार्क्टिकाचं प्रचंड हिमपठार आहे. तिथला बर्फ समुद्राकडे सरकू पाहतो, पण ट्रान्सअंटार्क्टिक पर्वत मध्ये बांधासारखे आडवे येतात. राइट व्हॅलीच्या डोक्याशी तो थोडासा आत डोकावतो आणि थांबतो. दुसरी गोष्ट पर्जन्यछायेची. ही काय चीज असते ते माणदेशातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. इथे फरक इतकाच की पावसाऐवजी हिम कमी पडतं. दरीच्या तळाशी वर्षभरात पडलेलं सगळं हिम वितळवलं तर बहुतेक ठिकाणी पाणी काही सेंटिमीटरच भरेल. आणि तिसरा वारा. पठारावरची थंड, जड हवा उतारावरून खाली धावत येते, उतरताना दाबली जाते, गरम होते, आणखी कोरडी होते. पडलेल्या हिमाचं पाणी व्हायच्या आत थेट बाष्प होतं. शाळेत कापराचं उदाहरण देऊन ‘संप्लवन’ शिकवलं होतं ना, तेच, पण पूर्ण दरीभर.

माणसाने ही जमीन पहिल्यांदा पाहिली 1903 च्या डिसेंबरमध्ये. कॅप्टन रॉबर्ट स्कॉट, एडगर इव्हान्स आणि विल्यम लॅशली हे तिघे पठारावरून परतताना असगार्डच्या दक्षिण पायथ्याच्या दरीत उतरले. तिला पुढे टेलर व्हॅली हे नाव मिळालं. वाळू, दगड, वाहतं पाणी, सगळं होतं. पण एकही जिवंत गोष्ट दिसेना. शेवाळही नाही, दगडफूलही नाही. सापडला तो एका सीलचा सांगाडा. समुद्र सोडून तो इतक्या आत कशाला आला होता, देव जाणे. स्कॉटने ती मृतांची दरी ठरवली आणि ते मत पुढे बराच काळ टिकलं.

नंतरची चाळीसेक वर्षं उत्तरेकडच्या भागात कोणी फिरकलंच नाही म्हणा. 1946-47 मध्ये अमेरिकी नौदलाने ‘ऑपरेशन हायजंप’मध्ये विमानातून फोटो काढले, तेव्हा या उघड्या दऱ्या किती पसरल्यात ते दिसलं. आणि मग येते माझी आवडती जोडगोळी. 1957-58 च्या मोसमात बॅरी मॅककेल्वी आणि पीटर वेब हे वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठाचे भूशास्त्राचे दोन विद्यार्थी अंटार्क्टिकाला जाऊन थडकले. वय कॉलेजचं, पदवीही हातात नाही, आणि समोर असा प्रदेश की ज्याचा धड नकाशाच नाही. पुढच्या मोसमात ते परत गेले, सोबत त्यांचे प्राध्यापक कॉलिन बुल आणि प्राणिशास्त्रज्ञ डिक बारविक. चौघांनी राइट व्हॅली पायी पालथी घातली. ऑलिंपस आणि असगार्ड ही नावं त्याच मोहिमेची. ऑलिंपस रांग फोडून जाणाऱ्या खिंडीला बुलचं नाव मिळालं, पलीकडच्या दरीला मॅककेल्वीचं. दरीतल्या तळ्याला मिळालं ‘व्हांडा’, आणि हे कुठल्या देवीचं नाव नाही. बुलकडे आधीच्या एका मोहिमेत स्लेज ओढणारी कुत्री होती, तिचं. देवांच्या गर्दीत एका कुत्रीने जागा पटकावली याचा मला भारी आनंद आहे.

हे व्हांडा तळं विचित्र आहे. वर साडेतीन-चार मीटर जाड बर्फाचं झाकण आणि तळाशी, साठ-सत्तर मीटर खोल, पाणी सुमारे 25 अंश सेल्सियस. तळाचं पाणी खारट आणि जड, त्यामुळे ते वर येत नाही आणि झाकणातून आत आलेली उन्हाची ऊब खालीच अडकते. तळ्याला पाणी पुरवते ऑनिक्स नदी. ती 32 किलोमीटर लांब, अंटार्क्टिकातली सगळ्यात लांब नदी, उन्हाळ्यात दोनेक महिने वाहते. आणि वाहते उलटी. समुद्राच्या बाजूच्या हिमनदीतून निघते आणि खंडाच्या आत जाते.

म्हणजे पाणी आहे, ऊन आहे, माती आहे. मग जीव?

इथे गोष्ट मंगळाकडे वळते. साठच्या दशकाच्या शेवटी नासा मंगळावर व्हायकिंग यानं उतरवायच्या तयारीत होती आणि पृथ्वीवर मंगळासारखी कोरडी, थंड जागा म्हणजे याच दऱ्या. कॅलिफोर्नियातले नॉर्मन होरोविट्झ, रॉय कॅमेरॉन वगैरे शास्त्रज्ञांनी इथली माती प्रयोगशाळेत तपासली. 1972 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला: काही नमुन्यांत सूक्ष्मजीव नाहीतच. पुढचा तर्क सरळ होता. इथेच काही नाही, तर मंगळावर काय असणार?

वुल्फ व्हिश्नियाक यांना हे पटलं नाही. जन्म बर्लिनचा, वडील रोमन व्हिश्नियाक नावाजलेले छायाचित्रकार, स्वतः रॉचेस्टर विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक. परग्रहावरचा जीव शोधण्याचं यंत्र बनवायला 1959 मध्ये त्यांना नासाचं अनुदान मिळालं होतं. यंत्राला सगळे ‘वुल्फ ट्रॅप’ म्हणायचे. कल्पना साधी: माती पोषक द्रवात टाकायची, जीव वाढले तर द्रव गढूळ होईल आणि प्रकाशाचा सेन्सर ते पकडेल. पण 1972 मध्ये खर्च आवाक्याबाहेर गेला आणि हे यंत्र व्हायकिंगमधून काढून टाकलं गेलं. बारा-तेरा वर्षांचं काम होतं ते. आपलं एखादं फीचर रिलीजच्या तोंडावर काढतात तेव्हा आपण आठवडाभर कुरकुर करतो.

व्हिश्नियाक कुरकुर करत बसले नाहीत, अंटार्क्टिकाला गेले. त्यांचा मुद्दा पद्धतीचा होता. माती उचलून गरम प्रयोगशाळेत, तिकडच्या जिवांच्या सवयीबाहेरच्या अन्नात ठेवलीत आणि काही वाढलं नाही, तर त्यातून काय सिद्ध होतं? क्वेरीने शून्य रेकॉर्ड दिले म्हणजे डेटाबेस रिकामा असतोच असं नाही, हे आमच्या धंद्यात लवकर कळतं. त्यांनी चाचणीच त्या मातीत नेली. पोषक द्रव्य लावलेल्या काचपट्ट्या जागेवर पुरायच्या, काही आठवडे जाऊ द्यायचे, मग काढून बघायच्या. आणि त्यांना तिथे वाढ दिसत होती.

1973 च्या नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा गेले, या वेळी असगार्ड रांगेतल्या माउंट बाल्डरच्या परिसरात. 10 डिसेंबरला ते पुरलेले नमुने आणायला एकटेच निघाले आणि ठरलेल्या वेळेला परतले नाहीत. शोध घेतला तेव्हा ते एका बर्फाळ उताराच्या पायथ्याशी मृत सापडले. वय 51. कार्ल सेगन त्यांचे मित्र, त्यांनी ‘कॉसमॉस’मध्ये ही हकिगत सांगितली आहे. मंगळावरच्या एका विवराला आज व्हिश्नियाक यांचं नाव आहे.

त्यांच्या सामानात दगड होते. इम्रे फ्रीडमन हे शास्त्रज्ञ वाळवंटातल्या खडकांच्या आत राहणाऱ्या शैवालांवर काम करत आणि व्हिश्नियाक यांनी त्यांना अंटार्क्टिकातले खडक आणून द्यायचं कबूल केलं होतं. पत्नी हेलन यांनी ते दगड फ्रीडमनना पाठवले. फोडल्यावर वालुकाश्माच्या पृष्ठभागाखाली काही मिलिमीटरवर हिरवा थर निघाला. जिवंत. इतक्या पातळ वालुकाश्मातून प्रकाश झिरपतो, उन्हाने दगड हवेपेक्षा गरम होतो, वरचं हिम वितळून थेंबभर पाणी आत मुरतं. तेवढ्यावर तो संसार चालतो. सगळे माती चाळत होते आणि जीव भिंतीच्या आत होता. फ्रीडमन यांचा लेख ‘सायन्स’मध्ये आला 1976 साली, ज्या वर्षी दोन्ही व्हायकिंग मंगळावर उतरली. हेलन स्वतःही सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. नवऱ्याने गोळा केलेल्या मातीतून त्यांनी यीस्टची एक नवी प्रजाती वेगळी केली. तेव्हा तिला नाव दिलं क्रिप्टोकॉकस व्हिश्नियाकी.

समोरच्या ऑलिंपसनेही पुढे एक पुरावा काढून दिला. माउंट बोरियसवर अ‍ॅडम लुईस, अ‍ॅलन अ‍ॅशवर्थ आणि सहकाऱ्यांना एका जुन्या तळ्याचा गाळ सापडला. ज्वालामुखीच्या राखेवरून वय निघालं 1 कोटी 40 लाख वर्षं. गाळात शेवाळ होतं, दगड झालेलं नाही, वाळवून ठेवल्यासारखं. ते त्यांनी 2008 मध्ये छापलं. म्हणजे तेव्हा इथे टुंड्रा होता. मग दोनेक लाख वर्षांत तापमान किमान 8 अंशांनी घसरलं आणि सगळं गोठून गेलं.

होरोविट्झ अगदीच चुकले, असं मात्र म्हणता येत नाही. 2016 मध्ये कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाच्या गटाने याच प्रदेशातल्या उंचावरच्या युनिव्हर्सिटी व्हॅलीतली कायम गोठलेली माती तपासली, कितीतरी आधुनिक पद्धतींनी. त्यांना तिथे सक्रिय जीव सापडला नाही. पेशी अगदी थोड्या होत्या, पण त्या झोपलेल्या की मेलेल्या, यावर वाद चालू आहे. आणि तो वाद चालू ठेवता यावा म्हणूनच, आज या दऱ्यांत जो कोणी जातो त्याला आपला सगळा कचरा, अगदी लघवीसुद्धा, बाटलीत भरून परत न्यावी लागते.