येजितखत ते ४५ दिवस

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे ठीक. पण चढायची नाही तर जायचे कुठे? मराठेशाहीत याचे उत्तर होते पंचायत. पंच बसण्याआधी दोन्ही पक्षांकडून राजीनामा घेत, म्हणजे होईल तो निवाडा मान्य असल्याचे लेखी. वर जामीन. निवाडा झाला की हरणाऱ्याने आपल्या हाताने येजितखत लिहून द्यायचे: माझा दावा खोटा, पुन्हा भांडणार नाही. जिंकणाऱ्याकडून सरकार हरकी घेई, हरलेल्याकडून गुन्हेगारी. पंचांच्या शहाणपणाचे गोडवे सगळेच गातात. मला खरी ताकद दिसते ती या कागदांत आणि जामिनात.

पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनला पंचायत टिकवायची होती. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनांत लवादाला जागाही मिळाली. पण शेजारी दिवाणी कोर्ट उभे राहिले आणि सावकाराला पंचांची गरज उरली नाही. कुळ हजरच नसे. एकतर्फी हुकूमनामा हातात पडे.

त्याचा भडका उडाला तो आजच्या बारामती तालुक्यातल्या, तेव्हा भीमथडीत असलेल्या सुप्यात. १२ मे १८७५, बाजारचा दिवस. जमावाने सावकारांची घरे-दुकाने गाठून खतावण्या आणि कर्जरोखे जाळले. लोकांचा राग माणसापेक्षा कागदावर होता.

त्याच दशकात सार्वजनिक काकांनी पुण्यात लवाद कोर्टाची चळवळ चालवली. सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. शेतकऱ्यावर दावा लावायचा तर आधी सलोख्याचा प्रयत्न करून तो फसल्याचा दाखला आणा, ही त्यातली अट. सावकाराला एक पायरी वाढली, इतकेच. २०१८ मध्ये व्यापारी दाव्यांसाठी तीच कल्पना परत आली: तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर आधी मध्यस्थी.

१९४० चा लवाद कायदा कोर्टाच्या फेऱ्यांतच अडकला, म्हणून १९९६ चा आला. पण त्याच बारामती तालुक्यातल्या पणदऱ्याच्या एमआयडीसीत एखादा छोटा कारखानदार मोठ्या कंपनीला माल देतो, त्याच्या उपयोगाचा आहे लघुउद्योगांसाठीचा २००६ चा कायदा. करार काहीही म्हणो, पैसे ४५ दिवसांत दिलेच पाहिजेत. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. तक्रार या कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे जाते. आधी सलोखा, मग लवाद. निवाड्याला आव्हान द्यायचे तर देणेकऱ्याने रकमेचे ७५ टक्के आधी कोर्टात भरायचे. जुना जामीनच म्हणा ना, फक्त निकालानंतर मागितलेला.

आणि इथे दुबळ्या बाजूला राजीनाम्याची वाट पाहावी लागत नाही. समोरच्याची संमती असो-नसो, परिषद बसते. गेल्या दोनशे वर्षांतली ही सर्वांत कामाची दुरुस्ती, असे माझे मत आहे. तेव्हा लघुउद्योजकांनो, उद्यम नोंदणी पहिला माल पाठवण्याआधी करून ठेवा आणि प्रत्येक चलनावर पोच घ्या.